कडूची गोडी

मराठी घरात पाहुण्यांना मुलाची ओळख करून देताना नाव, इयत्ता आणि नावडती भाजी या क्रमाने माहिती दिली जाते. "हा ना, वांग्याकडे बघतसुद्धा नाही," असं आई सांगते तेव्हा आवाजात तक्रार थोडी आणि कौतुक जास्त असतं. धाकटी शेपू शिजायला लागला की गॅलरीत जाऊन बसते, थोरल्याला दुधी म्हटलं की पोटात दुखतं. वडीलही गवार खात नाहीत, पण त्याची चर्चा होत नाही. त्या घरात गवार येतच नाही, इतकंच. मोठ्यांची नावड ही घराची पद्धत असते आणि लहानांची नावड म्हणजे नखरे.

आणि मग वीसेक वर्षांनी यांतलाच एखादा भाजीवाल्यासमोर उभा राहून कारली निवडताना दिसतो. एकेक उचलून दाबून बघतो, "पिकायला आलेली नकोत, कोवळी द्या," म्हणतो, वर "जून कारल्याच्या बिया दाताखाली येतात हो" अशी माहितीही पुरवतो. हा तोच, जो लहानपणी कारल्याचे काप खिशात घालून शाळेच्या कुंपणापलीकडे फेकून यायचा. मधल्या काळात याला झालं तरी काय?

लोक म्हणतात, वय वाढलं की जीभ समजूतदार होते. मला हे पटत नाही. माझ्या पाहण्यात आपणहून समजूतदार झालेली एकही जीभ नाही. प्रत्येकीला कोणीतरी, कुठेतरी कोंडीत पकडलेलं आहे.

त्याआधी पोरांच्या बाजूने एकदा बोललंच पाहिजे, कारण त्यांची बाजू कोणी मांडत नाही. वनस्पतीला पळून जाता येत नाही. खाणाऱ्याला हाकलायचं तर तिच्याकडे काटे असतात, नाहीतर कडू रसायनं. त्यामुळे कडू लागलं की थुंकायचं, हा नियम आपण जन्मतःच घेऊन येतो. गोड ओळखायला जिभेला एका जातीचा रिसेप्टर पुरतो. कडू ओळखायला माणसाकडे सुमारे २५ जातींचे आहेत. निसर्गाने पेढ्यासाठी एक आणि धोक्यासाठी पंचवीस नेमले, यावरून त्याला आपल्या सुखाची काळजी कितपत आहे ते कळतं. हा नियम जुनाट झाला असंही नाही. एरवी गरीब स्वभावाचा दुधी एखादे वेळी कडू निघतो, तेव्हा त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात. तब्येतीसाठी नाक दाबून असा रस पिणारी माणसं रुग्णालयात पोचली, काही दगावलीही. शेवटी २०११ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की दुधीचा रस कडू लागला तर पिऊ नका. देशातल्या तज्ज्ञांनी बसून जे ठरवलं, ते चार वर्षांच्या पोराला आधीच ठाऊक होतं. (एरवी हा लेख हसण्यावारी नेला तरी चालेल, पण एवढी सूचना खरी धरा. दुधी चिरला की आधी एक तुकडा चाखा. कडू लागला तर सरळ टाकून द्या, पैसे गेले तर गेले.)

शिवाय जिभा सगळ्यांच्या एकसारख्या नसतात. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचा रसायनतज्ज्ञ पीटीसी नावाची पूड हाताळत होता. पूड हवेत उडाली आणि शेजारी काम करणारा म्हणाला, काय कडू आहे हे! फॉक्सला काहीच लागलं नव्हतं. दोघे वाद घालत बसले आणि त्या वादातून पुढे एक अख्खा संशोधनाचा विषय निघाला. २००३ मध्ये त्यामागचा मुख्य जनुकही सापडला. कोबीच्या कुळातल्या भाज्यांचा कडवटपणा कोणाला किती लागतो, याच्याशी त्याचा संबंध आहे. म्हणजे एका पंगतीला बसलेली दोन भावंडं "कोबी कडवट आहे", "मुळीच नाही" म्हणून भांडतात तेव्हा दोघंही खरं बोलत असू शकतात. आई दोघांनाही गप्प बसवते, तो भाग वेगळा. काहींना तर कोथिंबिरीला साबणाचा वास येतो, आणि २०१२ च्या एका अभ्यासाने त्याचं नातं वास ओळखणाऱ्या एका जनुकाच्या आसपास जोडलं आहे. असा जीव महाराष्ट्रात जन्माला आला तर त्याने करायचं काय? पोह्यांपासून आमटीपर्यंत जिथे जावं तिथे साबण.

तर अशी ही जन्मजात हुशार जीभ. हिला वळवायचं कसं, याचा अभ्यास लिअन बर्च या अमेरिकन संशोधिकेने पुष्कळ केला. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिने आणि तिच्या सहकाऱ्याने दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी पदार्थ चाखायला दिले. काही पदार्थ दोनदाच, काही पाचदा, दहादा, काही तर वीसदा. जो पदार्थ जास्त वेळा चाखला तो जास्त आवडू लागला. युक्ती वगैरे काही नाही, नुसता चिवटपणा.

आमच्याकडे हाच प्रयोग पंचांगाने चालवला आहे. पाडव्याला कडुनिंबाची पानं, गूळ, ओवा, मिरी वाटून सकाळीच हातावर ठेवतात. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं की अंगणात पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचं आणि बऱ्याच घरांत त्याचा कडूजहर रस जिभेला लावायचा. नरकासुर मेला हे सिद्ध करायला आपलं तोंड कडू का करायचं, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. फराळाची चव वाढावी म्हणून असेल. पण वर्षाला दोन या दराने वीसचा आकडा गाठायला दहा वर्षं लागतात. तोवर मूल हाताबाहेर जातं.

म्हणून घरोघरी लाचेचा मार्ग पत्करतात. "एवढं कारलं संपव, मग श्रीखंड." बर्चबाईंनी १९८४ मध्ये हेही तपासलं होतं. मुलांना एक पेय दिलं आणि ते प्यायलास तर बक्षीस, असं सांगितलं. पेयाची आवड वाढली नाहीच, उलट घटली. पोरांचा हिशेब पक्का असतो. जी वस्तू खायला लाच द्यावी लागते ती चांगली कशी असेल? आणि श्रीखंडासाठी कोणी कधी लाच दिल्याचं त्यांनी पाहिलेलं नसतं.

कारल्याला एवढी वाईट प्रसिद्धी मिळण्यात भोंडल्याचाही हात आहे. त्या गाण्यातली सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू तिला कारल्याचा वेल लावायला सांगते. मग वेल वाढू दे, कारली लागू दे, भाजी होऊ दे, एकेक अट पुढे सरकत राहते. पिढ्यान् पिढ्या मुलींनी फेर धरून ही सासू कशी खाष्ट होती हे सांगितलं. मी मात्र शेतीच्या बाजूने विचार केला. कारल्याचा वेल बी पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फळ देतो. सासूच्या मनात खरंच काळंबेरं असतं तर तिने नारळ लावायला सांगितला असता.

सासू आणि कारलं यांचं नातं मात्र खरंच जुनं. माझ्या ओळखीत एक नाना आहेत, सासुरवाडी वाईची. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा पानात भरली कारली. नानांना कारल्याचा तिटकारा. पण नवा जावई, समोर सासरे, शेजारी मेहुणे, दाराआडून बघणाऱ्या मेहुण्या. नानांनी आधी नकोसं ते संपवावं या विचाराने पहिल्याच घासांत अख्खं कारलं गिळलं. सासूबाईंनी ते पाहिलं. "जावईबापू, घ्या की अजून एक," म्हणून दुसरं वाढलं. नाना म्हणाले, "छान झालंय हो." आयुष्याची दिशा ठरवणारी वाक्यं माणूस अशी बेसावधपणे बोलून जातो. त्यानंतर नाना वाईला गेले आणि कारलं झालं नाही असं घडलं नाही. दिवाळसणाला बासुंदी आणि कारलं, अधिक महिन्यात अनारसे आणि कारलं. परत निघताना डब्यात कारल्याची चटणी, "प्रवासात तोंडाला चव राहते." नाना तक्रार कोणाकडे करणार? बायकोने माहेरी आधीच सांगून ठेवलेलं, "ह्यांना फार आवडतं." आणि होता होता, कधी ते त्यांनाही सांगता येत नाही, नानांना कारलं खरोखर आवडायला लागलं. आता ते वाईला निघाले की वाटेत सुरूरला गाडी वळल्यापासून कारल्याचा विषय काढतात. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला सगळे जमले होते. नानांनी भरल्या घरात सासूबाईंच्या हातच्या कारल्याची स्तुती केली. तेव्हा सासूबाई सहज म्हणाल्या, "मला मेलीला कारलं अजिबात आवडत नाही. चिरताना हात कडू होतात. पण तुम्ही एवढ्या आवडीने खाता, म्हणून आपलं करायचं."

शिष्टाचाराची कोंडी ही अशी. भुकेची कोंडी याहून सोपी, तिला नातेवाईक लागत नाहीत. आईच्या हातचं भरलं वांगं नाकारून पुण्याला शिकायला गेलेला मुलगा मेसच्या पातळ भाजीत बटाट्याचा तुकडा शोधत एक सत्र काढतो आणि सुट्टीत घरी येऊन पडवळसुद्धा मागून घेतो. आईला वाटतं, शिक्षणाने मुलगा शहाणा झाला. फी वसूल झाली म्हणायची. हाच मुलगा पुढे नोकरीसाठी न्यू जर्सीला जातो आणि भारतीय दुकानाच्या फ्रीजरमध्ये गोठवलेल्या कारल्याच्या चकत्यांचं पाकीट डॉलर मोजून घेतो. कुंपणापलीकडे फेकलेल्या कापांचा आजचा भाव काढला तर त्याला झोप लागणार नाही.

कधीकधी दोष जिभेचाही नसतो आणि भाजीचाही नसतो, करणाऱ्याचा असतो. वांग्याचा तिरस्कार करणाऱ्या बहुतेकांनी वांगं म्हणून जे खाल्लेलं असतं ते आचाऱ्याने घाईत शिजवलेलं, साल सुटलेलं, तेलात तरंगणारं असं काहीतरी असतं. अशा माणसाला थंडीत जळगावकडे न्यावं. तिथली मोठी, फिकट हिरवी भरताची वांगी भौगोलिक मानांकन मिळालेली आहेत आणि ती त्याच रुबाबात वागतात. शेतात काट्याकुट्या पेटवून त्यावर वांगी भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची, लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात घालायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. या जेवणानंतरही जो "मला वांगं आवडत नाही" म्हणेल त्याचा मी आदर करीन, पण त्याच्याशी सोयरीक करणार नाही.

कारल्याला मीठ चोळून, पिळून, मग चिंचगुळात शिजवायची आपली रीत आहे. कडू पाणी निघून जातं म्हणून मीठ, असं आपण समजतो आणि ते खरंच आहे. पण १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका छोट्या लेखात दाखवलं होतं की मीठ जिभेवरच कडूपणा दाबतं आणि त्यामुळे बाकीच्या चवी वर येतात. आजीने हे 'नेचर'ला कळवलं नव्हतं एवढंच. माझा स्वतःचा पक्ष मात्र वेगळा आहे. पार पिळून, गुळात बुडवून, दाण्याचा कूट आणि खोबरं यांच्याखाली पुरून कारल्याचा कडूपणा संपूर्ण घालवायचा असेल तर लाल भोपळा काय वाईट? तो स्वस्तही पडतो. पातळ चकत्या, थोडं मीठ, हळद, तिखट, तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या आणि वरणभाताबरोबर घ्यायच्या. कडू लागायलाच हव्यात. कारलं कितीही तुपात तळा, साखरेत घोळा, कडू ते कडूच, ही म्हण ज्याने कोणी काढली त्याला ती तक्रार वाटत होती. मला ती हमी वाटते.

कोंडीत सापडलेल्या जिभांचा सगळ्यात मोठा समुदाय अर्थात तिखट खाणाऱ्यांचा. मिरची मूळची अमेरिका खंडातली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. म्हणजे ज्या तांबड्या रश्श्यावरून आपण छाती काढतो तो शिवकालाच्या फार मागे नेता येत नाही. आणि तिखट ही चव नव्हेच. उष्णतेने भाजल्याची वर्दी देणारा जो रिसेप्टर आहे, तोच मिरचीने चाळवतो. तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या एका खेड्यात जाऊन पाहिलं होतं. तिथली कुत्री-डुकरं रोज मिरची लावलेलं उष्टं खात, पण समोर तिखट आणि सपक दोन्ही ठेवलं की सपक उचलत. माणसाखेरीज हे दुखणं हौसेने जवळपास कोणी घेत नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या पोराने ही तक्रार कुठे न्यायची? ते बिचारं डोळ्यांतून पाणी काढत दुसरी वाटी मागतं, कारण शेजारचा चुलतभाऊ तिसरीवर असतो.

कारलं कडू म्हणून नको असणाऱ्यांपैकी कितीजण बिनसाखरेची काळी कॉफी पितात, ते मी मोजत असतो. पहिली बिअर कोणालाही आवडत नाही. ती मित्रांनी पाजलेली असते, तोंड वाकडं न करता प्यायची असते, आणि दुसरी मागवताना "मस्त आहे" म्हणायचं असतं. नानांच्या पहिल्या कारल्यात आणि या पहिल्या ग्लासात मला काही फरक दिसत नाही. फरक असलाच तर दराचा. महाग कडूला अभिरुची म्हणतात, स्वस्त कडूला भाजी. चौकातल्या कॅफेत जो 'पंच्याऐंशी टक्के' डार्क चॉकलेट डोळे मिटून चघळतो, तो घरी जाऊन मेथीत कडवटपणा राहिला म्हणून ताट सरकवतो.

या सगळ्यांत भयंकर माणूस म्हणजे नुकताच वळलेला. जन्मभर कारलं खाणारी माणसं शांत असतात, वाढलं तर खातात, नाही तर विचारत नाहीत. पण चाळिशीनंतर रक्ताचा रिपोर्ट हातात पडल्यामुळे ज्याला कारल्याची गोडी लागते, तो गप्प बसत नाही. सकाळी बागेच्या फाटकाबाहेर स्टीलच्या किटल्या घेऊन बसलेल्या रसवाल्याकडे तो कारल्याचा रस एका दमात पितो, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला "सवय होते हो" असं सांगतो. गटावर संदेश पाठवतो. ऑफिसात डबा उघडून "घ्या ना, कडू लागतच नाही" म्हणतो. हे धादांत खोटं असतं. लग्नाच्या पंगतीत जिलबी नाकारताना तो आवाज थोडा मोठा करतो. त्याची बायको मान खाली घालून जेवत असते. तिला गेली कित्येक वर्षं कारलं आवडतं, पण ह्यांना चालत नाही म्हणून ते घरात येतच नव्हतं, आणि आता येतं तर रसाच्या रूपात.

पडवळाबद्दल मी मुद्दाम काही लिहिलेलं नाही. मेसच्या मुलाचा अपवाद सोडला तर ते कोणाला आवडू लागल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता वाचकांना एकच विनंती. पेनसिल्व्हेनियात शाळकरी वयाआधीच्या मुलांवर झालेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला सुपाचा एक प्रयोग आहे. त्यात "संपव, सूप संपव" असा लकडा लावलेल्या मुलांनी सूप कमी प्यायलं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. तेव्हा तुमच्या घरातलं पोर कधी एखाद्या दुपारी, कोणी सांगितलेलं नसताना, परातीतला कारल्याचा कुरकुरीत काप उचलून तोंडात टाकेल, मग दुसरा उचलेल. त्या क्षणी वर्तमानपत्रात डोकं घाला, आजीला काहीतरी कामाला लावा, मोबाइलने फोटो काढू नका, आणि "बघ, उगाच नाही नाही म्हणत होतास" हे वाक्य काय वाटेल ते झालं तरी उच्चारू नका. ते एकदा तोंडातून गेलं की पुढची दहा वर्षं गेली.